पाटी बदलली, रुग्णालय गेले

लातूर शहरात एक जिल्हा रुग्णालय होते. हे वाक्य भूतकाळात वाचून अनेकांच्या भुवया उंचावतील. जुन्या जागी आजही रुग्णांचा राबता आहे, सकाळी केसपेपरच्या खिडकीपाशी रांग लागते, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका येतात. मग ‘होते’ असे का म्हणावयाचे? याचे उत्तर इमारतीत सापडणार नाही, ते शासनाच्या कागदात सापडेल. सन २००२ मध्ये लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालयास रुग्णालय हवे होते. नवे बांधण्याऐवजी शहरात असलेलेच त्यास जोडण्यात आले आणि त्या दिवसापासून लातूर जिल्ह्याचे जिल्हा रुग्णालय संपले. त्याची प्रेतयात्रा निघाली नाही. उलट पेढे वाटले गेले, फटाके वाजले, आणि ज्यांचे काही हरवले होते तेच टाळ्या वाजविण्यात पुढे होते.

आम्ही या विषयावर लिहिण्याचे ठरविले ते जुन्या इमारतींच्या मोहाने नव्हे. आजाऱ्यास भेटणे हा धर्मगुरूच्या नित्यकर्माचा भाग असल्याने मराठवाड्यातील सरकारी रुग्णालयांचे वऱ्हांडे आमच्या पायांखालचे आहेत. या वऱ्हांड्यांवर चटई टाकून बसलेल्या नातेवाइकांना रुग्णालयाची मालकी कोणत्या खात्याकडे आहे हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही वाटत नाही. पण त्यांच्या रुग्णाचे काय होणार, किती पैसे लागणार आणि त्याला पुढे कोठे पाठविणार, हे पुष्कळ अंशी त्या मालकीवरच ठरते. जे न दिसता माणसाचे दैव ठरविते त्याविषयी बोलणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांचे दोन धनी आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये व जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. वैद्यकीय महाविद्यालये व त्यांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. पहिल्याचा जिल्ह्यातील प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक, ज्यास लोक अजूनही ‘सिव्हिल सर्जन’ म्हणतात. दुसऱ्याचा प्रमुख अधिष्ठाता. पहिल्याचे काम लोकांवर उपचार करणे. दुसऱ्याचे काम डॉक्टर घडविणे आणि ते घडविण्यासाठी लोकांवर उपचार करणे. दोन्ही कामे थोर आहेत, पण ती एक नाहीत. शाळेच्या स्वयंपाकघरात मुलींना स्वयंपाक शिकविला जातो आणि तेथे रुचकर अन्नही शिजते, म्हणून गावातील अन्नछत्र बंद करून भुकेल्यांना शाळेच्या पंगतीस पाठविणे कोणास शहाणपणाचे वाटेल काय?

आता थोडे मागे जाऊ. आमच्या या भागाने रुग्णालयासाठी किती वाट पाहिली हे नव्या पिढीस ठाऊक असावे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. संस्थानाचे वैभव राजधानीत एकवटलेले. मुसी नदीच्या काठी १९२० च्या दशकात उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू उभी राहिली, पण नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याने तेथवर पोहोचावे कसे? लातूरकरांना दुसरी एक वाट होती. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची छोटी गाडी कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे मिरजेस जात असे. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले होते. प्रेस्बिटेरियन मिशनचे ते रुग्णालय दूरदूरच्या रुग्णांचे आशास्थान झाले आणि मोठ्या शस्त्रक्रियेचे नाव निघाले की आमच्याकडील वृद्धांच्या तोंडी मिरज येई. पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात त्याच मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेच्या वाघिणींतून आणावे लागले तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. औषधासाठी मिरजेकडे डोळे लावून बसलेल्या पिढ्यांची बातमी मात्र कधी झाली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९६३ साली सोलापूरला निघाले, सत्तरच्या दशकात अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नावे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होते. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. जिल्ह्याबरोबर कलेक्टर कचेरी आली, न्यायालय आले आणि जिल्ह्याच्या दर्जाचे सरकारी रुग्णालयही आले. म्हणजे लातूरच्या जिल्हा रुग्णालयास आयुष्य लाभले ते अवघे वीस वर्षांचे. या वीस वर्षांत त्याने काय केले, याचे उत्तर एका तारखेत आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसे झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारीपासून लातूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. लातूरला त्या दिवशी महाविद्यालय नव्हते, प्राध्यापक नव्हते, पदव्युत्तर विद्यार्थी नव्हते. होते ते जिल्ह्याचे साधे रुग्णालय, त्याचे डॉक्टर, परिचारिका, कक्षसेवक आणि शवविच्छेदन करणारे हात. उमरगा, सोलापूर येथील रुग्णालयांच्या बरोबरीने लातूरच्या या रुग्णालयाने मोडलेली माणसे पदरात घेतली. जग नंतर धावून आले, देशोदेशींचे तंबू आले, लष्कर आले. पण पहिला पदर या साध्या घरच्या रुग्णालयाचा होता. त्याच्या नावे एखादी शिला उभारावी असे कोणास वाटले नाही ते नाहीच, उलट नऊ वर्षांनी त्याचे नावच पुसले गेले.

आम्ही महाविद्यालयाचे वैरी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. लातूरच्या महाविद्यालयाने तज्ज्ञ डॉक्टर आणले, नवे विभाग उघडले. केंद्राच्या योजनेतून अतिविशेषोपचाराची स्वतंत्र इमारत उभी राहिली. ज्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वी पुणे-सोलापूर गाठावे लागे, ती येथे होऊ लागली. गरिबांच्या मुलांना आपल्या जिल्ह्यात डॉक्टर होण्याची संधी मिळाली. २०१२ मध्ये विलासराव देशमुखांचे निधन झाल्यावर त्यांचे नाव संस्थेस देण्यात आले, तेही औचित्याला धरूनच, कारण संस्था सुरू झाली ती त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात. आमचा आक्षेप महाविद्यालय आणण्यास नाही. जिल्हा रुग्णालयाच्या शेजारी ते आणावयाचे, की जिल्हा रुग्णालय गिळून, एवढाच आमचा प्रश्न आहे. मिळाले ते मोठे होते म्हणून गेले त्याचा हिशेब मांडू नये, असा न्याय कोणत्या शास्त्रात आहे?

हिशेब मांडू या. जिल्हा शल्यचिकित्सकाचे पद लातूरला राहिले, त्याच्या हातचे जिल्हा रुग्णालय मात्र गेले. ज्या अधिकाऱ्याने जिल्ह्यातील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांवर देखरेख ठेवावयाची, तेथून आलेल्या रुग्णांना आपल्या छत्राखाली घ्यावयाचे, अपंगत्वाचे दाखले, न्यायवैद्यकीय तपासण्या, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची अंमलबजावणी सांभाळावयाची, त्याची अवस्था शिवाराविना पाटलासारखी झाली. निलंगा किंवा अहमदपूरच्या सरकारी डॉक्टरने चिठ्ठी लिहून रुग्ण लातूरला पाठविला की तो आपल्या विभागाच्या हद्दीबाहेर जातो, दुसऱ्या धन्याच्या दारात उभा राहतो. सांधा निखळला. निखळलेल्या सांध्याची वेदना पहिल्या दिवशी कळते, पुढे माणूस लंगडत चालण्याची सवय करून घेतो. लातूरने ती सवय करून घेतली आहे.

आणि २०२३ साली या लंगडेपणाची किंमत रोख रकमेत दिसली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारने सरकारी रुग्णालयांतील तपासणी व उपचार विनाशुल्क केले. निर्णय चांगला होता व आम्ही त्याचे मनापासून स्वागत केले. पण तो होता सार्वजनिक आरोग्य विभागाचा. त्या विभागाच्या रुग्णालयांना लागू, वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना नव्हे. म्हणजे उदगीरच्या सरकारी रुग्णालयात ज्या तपासणीस पैसे पडू नयेत, तिच्यासाठी लातूरच्या खिडकीवर पावती फाडावी लागणार. दोघेही शासनाचेच, दोन्हीकडचे औषध जनतेच्याच कराचे. रक्कम लहान असेल, आम्ही मान्य करतो. पण मजुरीचा दिवस बुडवून, एस. टी.चे भाडे उसने घेऊन आलेल्या बाईला लहान रक्कम कोणती हे सचिवालयातील माणसाने ठरवू नये. लातूरचे जिल्हा रुग्णालय जिवंत असते तर तिला हा प्रश्नच पडला नसता. पाटी बदलल्याने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांस आमचे हे उत्तर आहे.

आता नांदेडकडे वळू. तेथील इतिहास लातूरच्या उलट दिशेने गेला आणि म्हणूनच तो शिकण्यासारखा आहे. नांदेडच्या वजिराबाद भागातील जुन्या सरकारी रुग्णालयास श्री गुरु गोविंदसिंघजींचे नाव आहे. हे नाव केवळ शोभेचे नाही. दहाव्या गुरूंनी १७०८ साली याच गोदाकाठी, हल्लेखोराच्या शस्त्राची जखम अंगावर घेऊन, देह ठेवला. त्यांच्याच शिष्यांपैकी भाई कन्हैया रणांगणावर शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजीत असे. तक्रार गेली तेव्हा गुरूंनी त्यास शिक्षा न करता त्याच्या हाती मलमही दिले, अशी शीख परंपरेतील कथा आहे. रुग्णालयाचे याहून उत्तम वर्णन आम्हांस ठाऊक नाही. आपला-परका न पाहता पाणी आणि मलम जेथे मिळते ते रुग्णालय.

१९८८ साली नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि तेथेही गावचे रुग्णालय महाविद्यालयाचे झाले. परंतु पुढे महाविद्यालयासाठी शहराबाहेर विष्णुपुरीस विस्तीर्ण संकुल बांधले गेले, त्यास डॉ. शंकरराव चव्हाणांचे नाव देण्यात आले, महाविद्यालय आपले बिऱ्हाड घेऊन तिकडे गेले आणि वजिराबादेत जिल्हा रुग्णालय पुन्हा नांदू लागले. नांदेडला म्हणजे दोन्ही मिळाले. जे नांदेडला जमले ते लातूरला का जमू नये? लातूरकरांनी स्वतंत्र जिल्हा रुग्णालयासाठी निवेदने दिली, आंदोलने केली. शासनाने तत्त्वतः होकारही दिला. मग जागेचा घोळ सुरू झाला. कृषी विद्यापीठाच्या ताब्यातील जमीन, तिचे मूल्य, ते कोणत्या खात्याने कोणत्या खात्यास द्यावयाचे, यांत वर्षांमागून वर्षे गेली. एका सरकारी खिशातील पैसा दुसऱ्या सरकारी खिशात घालण्यास ज्या शासनाला दोन दशके अपुरी पडतात, त्याने जनतेला गतिमानतेच्या गोष्टी सांगू नयेत.

येथे कोणी आम्हांस अडवील. नांदेडला दोन्ही आहेत ना, मग तेथे २०२३ साली काय झाले? प्रश्न रास्त आहे, तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. किल्लारीच्या भूकंपास बरोबर तीस वर्षे झाली त्याच तारखेस, ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत, विष्णुपुरीच्या रुग्णालयात चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. पुढच्या दिवशी हा आकडा एकतीसवर गेला. पाचशेच्या आसपास मंजूर खाटा आणि दाखल रुग्ण त्याच्या दुपटीच्या घरात. हाफकिनकडून औषधखरेदी झाली नाही असे आधी सांगण्यात आले, मग औषधांचा तुटवडा नव्हताच असे सांगण्यात आले. एका लोकप्रतिनिधीने प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय स्वच्छ करावयास लावले आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन शासनाकडे जाब मागितला. मग पाहणी झाली, समित्या झाल्या, आणि दिवाळी आली.

या प्रकरणी रुग्णालयाने दिलेले एक कारण मात्र आम्ही बारकाईने वाचले. दगावलेल्यांतील बरेच रुग्ण अखेरच्या अवस्थेत, खासगी रुग्णालयांतून पाठविलेले होते, असे सांगण्यात आले. हे खरे असणारच, कारण सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिसरात एवढ्या क्षमतेचे दुसरे सरकारी ठिकाण नाही. किनवट-माहूरच्या डोंगरांतून, हिंगोली-परभणीहून, पलीकडे तेलंगणातूनही रुग्ण येथेच येतात. ही सबब म्हणून मांडली गेली. आमच्या दृष्टीने तो आरोपपत्राचा मुख्य भाग आहे. विहिरीच्या वरच्या पायऱ्या मोडल्या असल्या म्हणजे माणूस थेट तळाशी पडतो. त्याला तळाने मारले असे म्हणून चालेल काय? तालुक्याचे रुग्णालय डॉक्टराविना, जिल्ह्याचे अपुरे किंवा नाहीसे, आणि मग सर्व भार शिखरावरच्या एका संस्थेवर. नांदेडने जिल्हा रुग्णालय परत मिळविले हे खरे, पण आसपासच्या जिल्ह्यांतील पायऱ्या ढासळत राहिल्या तर एकट्या नांदेडने काय करावे? ती बारा बाळे आमचा मुद्दा खोडून काढीत नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यात भक्कम रुग्णालय का हवे, याची ती साक्ष आहेत, आणि त्या साक्षीपुढे आम्ही मान खाली घालतो.

दुसरा आक्षेप सुशिक्षित मंडळींचा. सरकारी रुग्णालयांचे दिवस सरले, आता विमा आला; कार्ड दाखवावे आणि हव्या त्या खासगी रुग्णालयात जावे. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावे ओळखली जाते. तिने अनेकांचे प्राण वाचविले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण योजना ठरावीक उपचारांची असते. विंचू-सर्पदंश, अडलेली बाळंतीण, तापाने फणफणलेले पोर, क्षयाचे दीर्घ औषध, विष प्यालेला कर्जबाजारी शेतकरी, बेवारस जखमी, तुरुंगातला कैदी, यांना कार्डाआधी दार लागते. रात्री दोन वाजता जे दार बंद करण्याचा अधिकार कोणासही नाही, असे एक दार प्रत्येक शहरात असले पाहिजे.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याची कथा आपण सारे जाणतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस. याजक बाजूने निघून गेला, लेवी निघून गेला, शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. व्यासपीठावरून आम्ही नेहमी शोमरोन्याच्या दयेवरच बोलतो. पण कथेत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे कोणी पाहत नाही: तेथे एक उतारशाळा होती. रात्री दार उघडणारा, खाट देणारा, दुसऱ्या दिवसापासून शुश्रूषा करणारा एक मनुष्य होता. उतारशाळा बंद झाली असती, किंवा तिचे अन्य कशात रूपांतर झाले असते, तर शोमरोन्याने आपल्या जनावरावर घातलेले ते ओझे घेऊन जावे कोठे? दयाळू माणसे मराठवाड्यात आजही आहेत. अपघात झाला की ट्रक थांबवून जखमीस उचलणारे हात आम्ही पाहिले आहेत. दया माणसाच्या हाती आहे, उतारशाळा बांधणे शासनाच्या हाती आहे. शासनाने लोकांना दयेचे धडे देण्याऐवजी आपले काम करावे.

या दोन जिल्ह्यांनी राज्याला काय कमी दिले? शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण, असे चार मुख्यमंत्री नांदेड-लातूरच्या राजकारणातून आले. लातूरची शिकवणी तर घराघरांत पोहोचली आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या जोरावर येथून दरवर्षी मुले-मुली वैद्यकीय महाविद्यालयांत जातात, त्यांच्या अभिनंदनाच्या फलकांनी चौक झाकून जातात. देशाला डॉक्टर पुरविणाऱ्या शहराने स्वतःचे जिल्हा रुग्णालय मागण्यासाठी वीस वर्षे उंबरे झिजवावेत, याला काय म्हणावे? १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्यास न्याय्य वाटा देण्याचे वचन होते. १९८४ साली दांडेकर समितीने अनुशेष मोजून दाखविला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळ आले आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपून ते मावळले. अनुशेष मात्र कधी मुदतीने मावळला नाही.

लातूरचा प्रश्न लातूरपुरता असता तर आम्ही कदाचित एवढी शाई खर्च केली नसती. गेल्या काही वर्षांत हीच पद्धत धोरण होऊन बसली आहे. २०१४ पासून केंद्राच्या योजनेत देशभर १५७ महाविद्यालये मंजूर झाली, ती असलेल्या जिल्हा वा तत्सम रुग्णालयांना जोडूनच. महाविद्यालयाला मान्यता मिळण्यासाठी भरलेल्या खाटा दाखवाव्या लागतात. नवे रुग्णालय बांधून ते नावारूपास येईपर्यंत वर्षे जातात. चालते रुग्णालय हाती घेतले की काम एका आदेशात होते. सोय शासनाची, फीत कापण्याची घाई नेत्यांची. आमच्याच मराठवाड्यात २०२२ साली धाराशिवला, पुढे परभणीला, ऑक्टोबर २०२४ मध्ये जालना व हिंगोलीला महाविद्यालये आली. या प्रत्येक गावच्या नागरिकांनी आजच विचारावे: आमच्या जिल्हा रुग्णालयाचे तुम्ही काय करणार? कारण औरंगाबादचे, आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, उदाहरण समोर आहे. १९५६ साली महाविद्यालय आले, ‘घाटी’ हेच साऱ्यांचे रुग्णालय झाले आणि शहरास स्वतंत्र जिल्हा रुग्णालय चिकलठाण्यात मिळावयास सुमारे सहा दशके लागली. मिळाले तेव्हा लोकांनी त्यास ‘मिनी घाटी’ म्हटले. जिल्हा रुग्णालय म्हणजे काय, ही कल्पनाच दोन पिढ्यांच्या स्मरणातून गेली होती. २०२० च्या महामारीत हीच ‘मिनी घाटी’ शहराच्या कामी आली. याउलट बीडकडे पाहा. महाविद्यालय अंबाजोगाईस झाले म्हणून बीडचे जिल्हा रुग्णालय बीडमध्येच राहिले. म्हणजे दोन्ही ठेवणे अशक्य नव्हते. जेथे सोयीचे नव्हते तेथेच ते झाले नाही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. लातूरचे जिल्हा रुग्णालय पूर्ण मनुष्यबळासह प्रत्यक्षात उभे करावे; पायाभरणीचा दगड म्हणजे रुग्णालय नव्हे. जेथे जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाकडे गेले आहे किंवा जाणार आहे, तेथे तेवढ्याच खाटांचे पर्यायी जिल्हा रुग्णालय त्याच शहरात उभे राहिल्याशिवाय हस्तांतर पूर्ण झाले असे मानू नये. आणि गरिबाच्या तपासणीस एका सरकारी दारात पैसे व दुसऱ्यात नाहीत, हा भेद कायमचा नाहीसा करावा. यांत अवाजवी काय आहे ते कोणी दाखवून द्यावे.

आमच्या वाचकांशी शेवटचे दोन शब्द. आपल्या भाषेत परिचारिकेस सर्रास ‘सिस्टर’ म्हणतात. हा शब्द मठवासिनी भगिनींच्या सेवेतून आला आणि पुढे सर्व धर्मांच्या परिचारिकांचा झाला. मराठवाड्याच्या सरकारी रुग्णालयांत आपल्या ख्रिस्ती समाजातील कितीतरी लेकीसुनांनी रात्रपाळ्या केल्या आहेत. १९९३ च्या त्या सकाळी लातूरच्या वऱ्हांड्यांत ज्यांच्या पांढऱ्या साड्या लाल झाल्या, त्यांपैकी अनेक आज निवृत्त होऊन नातवंडे सांभाळीत असतील. भूकंपावर ग्रंथ निघाले, अहवाल निघाले, स्मृतिस्तंभ उभे राहिले. त्या रुग्णालयाचा इतिहास कोणी लिहिला नाही, कारण इतिहास लिहिण्यापूर्वीच ते दुसऱ्याच्या नावे झाले. तो इतिहास या स्त्रियांच्या स्मरणात आहे आणि त्यांच्याबरोबर तो जाईल. आपल्या घरातील अशा आईस, मावशीस, आत्यास विचारा. किती खाटा होत्या, कोण डॉक्टर होते, त्या दिवशी काय काय केले, ते लिहून घ्या. ज्या गावास आपल्या रुग्णालयाचा इतिहास ठाऊक असतो, त्याच्या हातून ते गुपचूप काढून घेणे सोपे नसते. आणि ज्यांच्या हातून ते गेले, त्यांना ते परत मागताना निदान काय मागावयाचे आहे, हे तरी सांगता येते.